ऊना पॅस्कोचा अर्धा पडदा

४ मे

रोवी, लिहायला फार उशीर केला, रागावू नकोस. निघताना तू ही वही हातात ठेवून म्हणाली होतीस, बाबा, रोज थोडं लिहा आणि भरली की मला पाठवा. इथे येऊन महिना होत आला आणि आज पहिलं पान. लोकरीच्या गासड्या दाबण्यात जन्म गेला, पेन धरलं की बोटं आखडतात. शाळा किती झाली ते तुला माहीतच आहे.

पण कॅलो बे मला आवडलं. घर लहान, पत्र्याचं छप्पर, समोर रस्ता, मागे गव्हाच्या उंच कोठ्या आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. धक्क्यावर गळ टाकला की माकूल लागतं. गॅसचा वास येतो असं मला दोनदा वाटलं, लोकांना बोलावलं, दोन्ही वेळा काही निघालं नाही. दुकानवाली डोरीन आता मी दिसलो की नाक वर करून हुंगते आणि हसते.

इथली एक रीत सांगतो. एकट्या म्हाताऱ्यांनी सकाळी उठलं की स्वयंपाकघराचा रस्त्याकडचा पडदा दोरी ओढून वर गुंडाळायचा. नोएल ट्रेसिक म्हणून एक गृहस्थ आहे, पूर्वी रुग्णवाहिकेवर होता. तो न्याहारीच्या सुमाराला गाडीतून चक्कर मारतो. पडदा वर दिसला की माणूस ठीक. खाली असला की तो किल्लीनं दार उघडून बघायला येतो. सगळ्या एकट्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. पहिल्याच आठवड्यात मी पडदा विसरलो आणि चड्डीवर दाढी करत असताना तो आरशात माझ्या मागे दिसला. दार उघडल्याचा आवाजही आला नव्हता. "मेला नाहीस ना म्हातारबा? मग चहा टाक," म्हणाला. हसता हसता मला ठसका लागला.

तुझी काळजी मिटावी म्हणून हे मुद्दाम लिहिलं. इथे मी एकटा मरून पडणार नाही.

११ मे

समोर ऊना पॅस्को राहतात. नवरा मासेमारीच्या बोटीवर होता, वारला. कोंबड्या पाळतात. उजवा खांदा धरलेला आहे, म्हणून त्यांचा पडदा कधी अर्ध्याच्या वर जात नाही. मी म्हटलं, दोरी लांब करून देतो. म्हणाल्या, अर्धा बरा आहे, नोएलला माझं अर्धंच तोंड दिसतं.

गावाचं वाचनमंडळ त्या चालवतात. मला ओढून नेलं. या महिन्याचं पुस्तक म्हणजे एकामागून एक खून करणाऱ्या माणसाची कादंबरी. समुद्रकाठचं गाव, एकटे म्हातारे, आणि पडद्यांची हीच रीत. डोरीन म्हणते, लेखक एका उन्हाळ्यात आपल्याकडच्या तळावर तंबू ठोकून राहिला होता, तिथूनच उचललं असणार. पुस्तकातला खुनी माणूस मारतो आणि मग रोज सकाळी स्वतःच त्याचा पडदा वर करतो. लोकांना वाटतं, सगळं ठीक आहे.

मी ओळीखाली बोट ठेवून वाचतो. ऊनाबाई ओट्यावर बसून ऐकतात. "मर्व, बोट उचला आता, ओळ पळून जात नाही." पण रोवी, या पुस्तकात बोट उचलायची भीती वाटते.

१९ मे

काल मंडळ भरलं. बाकी सगळ्यांनी काही ना काही करून आणलं होतं, मी डबाबंद जर्दाळू. डोरीनचं मत, खुनी कोण ते फार लवकर कळतं आणि पुस्तकातली ती पोलीसबाई सारखी दारू पिते ते काही पटत नाही. मला विचारलं. मी खरं ते सांगितलं, मला भीती वाटली. सगळे हसले. ऊनाबाई हसल्या नाहीत.

नोएलनं स्कोनच्या पावाला लोणी लावता लावता मत दिलं. सुरीवरून नजर न उचलता म्हणाला, "लेखकाला घाई फार आहे. माणूस गेला की लगेच पडदा वर करायचा नसतो. त्याच्या रोजच्या वेळेला करायचा. कोण केव्हा उठतं ते आधी महिनाभर बघावं लागतं."

डोरीन म्हणाली, बाई गं, आता नोएलनंच पुस्तक लिहावं. पुन्हा हशा.

अध्यक्ष म्हणून ऊनाबाई शेवटी बोलतात, पण हॉल रिकामा करायची वेळ झाली. घरी येताना रस्त्यात त्यांनी मला मत सांगितलं. "मर्व, मारणाऱ्याच्या लहानपणावर चाळीस पानं. आणि मेलेल्या बाईला नावसुद्धा नाही. तिनं तीन मुलं वाढवली असतील. मला हे पुस्तक अजिबात आवडलं नाही, आणि पुढच्या वेळी मी ते सगळ्यांसमोर म्हणणार." मग दारापाशी थांबून म्हणाल्या, मागच्या हिवाळ्यात म्हातारा आर्ची वेल गेला तेव्हाही पडदा वर होता. दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. नोएलला इतकं बारीक कसं सुचलं, ते मी त्याला विचारणार आहे.

मी म्हटलं, विचारू नका. का म्हटलं, मलाच कळलं नाही.

२३ मे

ऊनाबाईंचा पडदा आज पूर्ण वर आहे. अगदी वरपर्यंत.

खांदा बरा झाला असेल. दार वाजवलं, उत्तर नाही. कोंबड्या अजून कोंडलेल्या. मी त्यांना सोडलं, दाणे टाकले.

२४ मे

पुन्हा पूर्ण वर. त्यांच्या नेहमीच्याच वेळेला.

डोरीनला सांगितलं. तिनं नाक वर करून हुंगलं आणि म्हणाली, गॅस झाला, आता पडदा का? पुस्तक डोक्यात गेलंय तुझ्या. तरी तिनं नोएलला बोलावलं. आमच्यादेखत तो किल्लीनं आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला. म्हणाला, तापानं पडली आहे, आत्ताच डोळा लागलाय, दोन-चार दिवस कुणी त्रास देऊ नका. दार ओढून घेतलं.

डोरीन माझा हात थोपटून दुकानात गेली. ताप आलेली बाई, खांदा धरलेली, तिनं पडदा वरपर्यंत ओढला. हे मी कुणाला सांगू? तुला फोन केला. तू खाणीवर पाळीला, तुझ्या आवाजातला निरोपच ऐकू येतो. तोही दोनदा ऐकला.

२५ मे

मंडळाची जास्तीची बैठक. ऊनाबाईंची खुर्ची रिकामी. नोएल म्हणाला, ऊनानं आपलं मत माझ्याजवळ दिलंय. तिला पुस्तक फार आवडलं. त्यात खुनी हाच सगळ्यात समजूतदार माणूस वाटला, असं म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "हे त्यांचं मत नाही."

नोएलनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. जसं हवामान बघतात तसं. मग अगदी मऊपणानं विचारलं, "मग काय होतं तिचं मत, म्हातारबा? तुला सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, आठवत नाही. पण त्याला कळलं.

२६ मे

पोलिसांना फोन केला. ठाणं लांब, शहरात. बाई गोड बोलत होती. सगळं लिहून घेतलं. म्हणाली, आमची गाडी गुरुवारशिवाय निघत नाही, पण काळजी करू नका, तुमच्या गावात आमचा भरवशाचा माणूस आहे, त्याला सांगते तुमच्याकडे डोकावायला.

नाव विचारलं.

तेच नाव —

दुपारी तो आला. हातात सूप. मी साखळीची कडी लावली होती, फटीतून बोललो. म्हणाला, ही कडी काढून टाकावी लागेल, तू पडलास तर मी आत कसा येणार? एक-दोन दिवसांत हत्यारं घेऊन येतो. मग सहज विचारलं, तू साधारण साडेसहालाच उठतोस ना?

पायरीवर ठेवून गेलेलं सूप मोरीत ओतलं.

२७ मे

झोप नाही. विचार करतोय — पडदा खाली ठेवला तर बघायला तोच येणार. वर केला तर कुणीच येणार नाही. दोन्हीकडून तोच. एवढी साधी गोष्ट, आणि मी तुला लिहिलं होतं, इथे एकटा मरणार नाही —

डोरीनला फोन केला. म्हटलं, समोरच्या घरात स्वतः जाऊन बघ, नोएलला न घेता. म्हणाली, मर्व, झोप घे थोडी. मी नोएलला सांगते, तुझ्याजवळ बसायला.

नको म्हटलं. तिनं तोवर फोन ठेवला होता —

२८ मे

टपालाची गाडी सकाळी येते. तिच्या ड्रायव्हरच्या हातात वही देणार. डोरीनकडे नाही. पाकिटावर तुझं नाव घातलंय.

कडी लागलेली आहे — रात्री दोनदा बघितली. मागच्या दाराची पण —

मागच्या दाराची बघितली का?

ऊनाबाई. ऊना पॅस्को. नाव लिहून ठेवतो. आर्ची वेल. ऊनाबाईच म्हणाल्या होत्या, मेलेल्याला नाव हवं —

बाहेर उजाडतंय. मी खोलीत आहे, पलंगावर. अजून उठलो नाही. पडद्याला हात लावलेला नाही —

रोवी —

स्वयंपाकघरात दोरी ओढल्याचा आवाज आला. पडदा वर गेला. हळू, वरपर्यंत. साडेसहा —

रोवी बाळ, लवकर कळव. कुणालाही कळव. कोणी फोनवर सांगितलं की तुझे बाबा ठीक आहेत, पडदा वर आहे, तर तू