दुसऱ्या गोळीचा प्रश्न

१ फेब्रुवारी, रवि.
बाबांचा लॅपटॉप आज प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, काढला. ते गेल्यापासून टॉवेलांखाली होता. कुणाला तरी देऊन टाकू म्हणून फाइली पुसायला बसले. त्यांना गोळ्यांची आठवण करायला मी लिहिलेला प्रोग्रॅम तसाच. C मधला, काळ्या पडद्याचा. "मला ते रंगीत ॲप-बिप नको," हा नागपूरच्या पॉलिटेक्निकात तीस वर्षं C शिकवलेल्या माणसाचा हट्ट.
सहज चालवला. "बीपीची घेतली?" वाय, एन्टर. "रक्त पातळ करायची घेतली?" आणि लगेच खाली, "नोंद झाली. शाब्बास, बाबा."
दुसऱ्या प्रश्नाला मी काहीच दाबलं नव्हतं.

३ फेब्रु.
ऑफिसात लक्ष नाही. वाय वाचला जातो, त्यामागचं एन्टर तसंच उरतं. पुढचा गेटचार, म्हणजे पुढची कळ वाचणारा हुकूम, तेच उचलतो, माणसासाठी थांबत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांची चूक. नोव्हेंबरात दुसरी गोळी सुरू झाली तेव्हा बस गाठायच्या घाईत दोन ओळी वाढवल्या, चालवूनही पाहिल्या नाहीत. त्यात "एन नसेल तर घेतली" हे माझंच शहाणपण. फाइलमध्ये रोज "घेतली". शेवटच्या सकाळीही. दुपारी स्ट्रोक.
नवऱ्याला सांगितलं. "डॉक्टर म्हणाले ना, गोळी घेऊनही होतं. सोड आता." सोडायचं कसं, ते त्याला विचारलं नाही.

५ फेब्रु.
उरलेल्या गोळ्या मोजाव्यात म्हटलं. आईने केव्हाच पिशवीसकट केमिस्टला परत दिल्या. मीच सांगितलं होतं, या देशात औषधं कचऱ्यात टाकत नाहीत.
स. दात घासताना बॉक्सरूममधून, बाबा बसायचे त्या छोट्या खोलीतून, एन्टरचा आवाज. बाबा एन्टर असं हाणायचे की टेबल हलायचं. जाऊन पाहिलं. कुणी नसणार हे माहीत होतं तरी गेले. भीती नाही वाटली, लाज वाटली.

७ फेब्रु., शनि.
बाबांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. हीच चूक तीस वर्षं फळ्यावर दाखवली त्यांनी. माझ्या वह्यांतला अनुस्वार न सोडणारा माणूस. मग बोलले का नाहीत? आज परत आवाज. दोनदा.

८ फेब्रु., रवि.
मेथी निवडताना आईला विचारलं, बाबा प्रोग्रॅमबद्दल काही म्हणायचे का.
"म्हणत ना. पोरीचा प्रोग्रॅम दुसरं विचारतच नाही. मी म्हटलं, सांगा तिला. तर म्हणे, राहू दे, किती धावपळ तिची, उगाच मनाला लावून घेईल."
"आणि गोळी? घ्यायचे?"
"आता ते मला काय ठाऊक? आधी मी रोज विचारत होती. मग तुझा कॉम्प्युटर विचारून राहिला, म्हणून सोडलं." हात थांबला तिचा. "काहून विचारते तू?"
"सहजच."

११ फेब्रु.
आई नीट जेवत नाही. काल पोळी अर्धी ठेवली, आज तीही नाही. मी मुळात विचारायलाच नको होतं. पण

१२ फेब्रु.
स. माझा डबा भरताना आई म्हणाली, "मी विचारायला पाहिजे होतं ना गं त्यांना?"
"नाही आई. तुझी काय चूक त्यात." इथपर्यंत खरं बोलले. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. मी डब्याचं झाकण लावलं.
एकोणीसला तिचं विमान. तोवर बोलले नाही तर माझ्या वाटणीचा दोषही तीच नागपूरला घेऊन जाईल.