आईच्या पायातलं पाणी

तीर्थरूप आबांना,
दिपमालाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी पुण्यात बरी आहे. नर्सिंगचा अभ्यास जमतोय, मेसचं जेवणही पोटभर मिळतं. शेतातली दादर ज्वारी निसवली का, कणसं दिसतात का?

काल फोनवर तुम्ही खुशीत सांगितलंत की आईची जोडवी बोटांत रुतायला लागली, म्हणून तिला सोनाराकडे नेऊन मोठी करून घेतली. म्हणालात, "आते काही त्रास नही." मागून काकू हसल्या, "सुखनं अंग शे ते!" फोनवर सगळे ऐकत होते, म्हणून मी बोलले नाही. आता लिहिते.

आबा, आपल्या कातडीखाली मऊ जाळं असतं. ते नेहमीच पाणी धरून ठेवतं, भिजवलेल्या साबुदाण्यासारखं. दाणा फुगतो, पण पाणी गळत नाही. धरता येईल त्याहून जास्त पाणी झालं की ते मोकळं साचतं आणि पाय सुजतात. मूत्रपिंड किंवा हृदय थकलं तरी असं होतं. ते सुख नाही.

आईच्या नडगीवर अंगठा दाबून धरा. उचलल्यावर खळगा राहतो का बघा. बायकोच्या पायाला हात कसा लावू, असं म्हणू नका. सोनाराने लावलाच ना?

खळगा राहो न राहो, सोमवारी तिला धुळ्याला मोठ्या दवाखान्यात न्या. तोवर लोणचं-पापड बंद.

आई म्हणेल, "कापूस येचाई जाऊ द्या, मंग जाऊत." तेवढं ऐकू नका. आपल्या घरात तिचं तेवढंच ऐकलं जातं.

उणंअधिक लिहिलं असेल तर पोटात घाला.

तुमची,
दिपमाला