खंदकाचं पाणी

३ मे १८९८, थॉर्लिंग हॉल

दुपारी पोहोचलो. घर पाहून जीव हरखला! चारी बाजूंनी खंदक, त्यात लाल विटांच्या भिंती उलट्या उभ्या, पुलाखाली बदकं. घराच्या मालकीणबाई मिस थर्झा गुडरम यांनी स्वतः चहा ओतून दिला. त्यांच्या आजोबांनी काढलेलं या घराचं जलरंगातलं चित्र विटत चाललं आहे. त्याची नक्कल मला करायची आहे. जमली तर गावच्या शाळेत चित्रकला शिकवायला त्या माझी शिफारस करतील. नाहीतर पुन्हा इप्सविच शहरातल्या रंगांच्या दुकानातली नोकरी. अट एकच: रंग खंदकाच्याच पाण्यात कालवायचे. घराण्याची रीत आहे म्हणाल्या.

५ मे

आभाळ आणि छप्पर झालं. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायची मला दुकानापासूनची सवय. पाण्याला शिळ्या माशाची चव. स्वयंपाकीण मिसेस टडनम हसून हसून बेजार झाल्या. "अरे लेका, वरचे संडास कुठं रिकामे होतात वाटलं तुला? आणि माझ्या सूपला नाक मुरडतोस!"

परसात जाऊन ओकलो.

६ मे

गुपचूप पावसाचं पाणी वापरलं. मिस थर्झांनी कागद नुसता हुंगला आणि ओल्या स्पंजाने सगळं पुसून टाकलं. शाळेचा विचार करून पुन्हा खंदकाचं पाणी भरून आणलं. ब्रश तोंडात घालायचा नाही असं ठरवलं. दिवसभरात अकरा वेळा घातला.

९ मे

माझ्या चित्रातला खंदक वाळत नाही. बोट लावलं तर हिरवट, बुळबुळीत तार निघाली. आजोबांच्या चित्रातलं पाणी मात्र रोज उतरतं आहे. काठाशी काळा गाळ. गाळात काहीतरी फिकट, फुगलेलं. डोकं असावं.

११ मे

जुन्या चित्रातला खंदक कोरडा. ते डोकं तिथे नाही. भिंगाने माझा कागद इंच इंच तपासला. तिथेही नाही.

मिस थर्झांना विचारलं. माझा गाल कुरवाळून म्हणाल्या, आजोबांना या कागदावरून त्या कागदावर थेट जाता येत नाही, मध्ये कुणीतरी लागतं.

१२ मे

शाळा नको. काही नको. पुलापर्यंत पळालो, तर तोंडातून हिरवं पाणी — थांबेना — श्वास कोंडला. मागे फिरलो तेव्हा थांबलं. जिभेखाली केस लागला. ओढला. पांढरा, लांब, संपतच नाही —

१३ मे

चित्र पुरं केलं की आजोबा कागदावर उतरतील, मी सुटेन, असं मिस थर्झा म्हणतात. पाण्यातलं प्रतिबिंब तेवढं रंगवायचं उरलं आहे. ब्रश ओठांत धरला. आतून कुणीतरी त्याला टोक काढून दिलं — मऊ ओठांनी — माझे नव्हेत —

आजोबा कागदावर उतरायचं नाही म्हणतात. इथे ऊब आहे म्हणतात. माझ्याच जिभेने म्हणता