दोन गाण्यांच्या मधातलं

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. शाळेत माझा रजेचा अर्जही तूच लिहायचा, खाली बाबांची सहीसुद्धा तूच ठोकायचा! पण आज मीच लिहितो. काल रात्रीच्या गाडीने हैदराबादला परत आलो. फरशी घासायची मशीन उद्या हातात घ्यायची आहे, त्याआधी तुला सांगणं भाग आहे. तुझ्या अल्बमचं काय करायचं, त्याचा फैसला मी करून टाकला. तुला न विचारता. विचारणार तरी कसं?

झालं असं. मागच्या महिन्यात गोंदियाच्या एका रेकॉर्डिंगवाल्याचा फोन आला. तुझी सीडी कुठूनतरी त्याच्या हाती लागली होती. म्हणाला, "भैया, आपके भाई का बाजा एक नंबर है. बस ऊपर से कोई गानेवाली बिठा देते हैं. शादी के गाने. पूरा जिला बजाएगा. अभी तो बिना दूल्हे की बारात है!" मी म्हटलं, मायला विचारतो. माय म्हणाली, "मले त्यातलं काय समजते बापा? तूच पाहय." आलं माझ्यावर.

राग येऊ देऊ नको, पण मला त्या माणसाचं पटलं होतं.

आठवते का, अल्बम पुरा झाला त्या दिवशी तू फोन केला होता? मी कामावर होतो, अंगभर संगमरवराची भुकटी. तू फोन स्पीकरजवळ धरला आणि पहिला तुकडा वाजवला. आणि मी काय म्हटलं? "मस्त आहे दादा, पण गाणारा कुठं आहे? गाणाऱ्याबिगर कोण ऐकन हे?"  तू हसला. म्हणाला, "तू ऐकलं ना बाल्या. एक तर झाला." ते हसणं मला अजून टोचते. काऊन हसला रे? दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझा कीबोर्ड सेकंडहँड, तीन पट्ट्या मुक्या. बटनांवर तालांची नावं लिहिलेली होती, त्यातली दोन तुला झोपू देत नव्हती, 'फंक' आणि 'जाझ'. म्हणजे काय, हे सांगणारा माणूस गोरेगावात भेटला नाही, आमगावात नाही, गोंदियातही नाही. मग तू एकेक बटन दाबून स्वतःच शिकत बसला. डावा हात वेगळा, उजवा वेगळा, जसे दोन भाऊ भांडतात आणि जेवतात मात्र एका ताटात! नंतर गोंदियाच्या नेट कॅफेत जाऊन ऐकलं आणि घरी येऊन नाचला. "बाल्या, मी बरोबरच वाजवून राहिलो होतो!"

नंदूभाऊच्या धुमाल पार्टीत तू गाडीवर उभा राहून वाजवायचा, ढोलवाले खाली, वरात पुढे. नंदूभाऊचा कायदा एकच होता. "आवाज तुटला का वरात तुटली." एक गाणं संपलं की दुसऱ्याची फर्माईश येईपर्यंत नाचणाऱ्यांचे पाय थांबू द्यायचे नाहीत. ते मधातलं भरायचं काम तुझं. गाणी सगळ्या पार्ट्यांची सारखीच असत. मधातलं मात्र तुझं एकट्याचं होतं. ते मधातलेच नऊ तुकडे तू पावसाळ्यात, लग्नं बंद असताना, मागच्या खोलीत रेकॉर्ड केले. भिंतींना बाजारातून मागून आणलेले अंड्यांचे ट्रे, दाराला मायची गोधडी, आणि लाइन गेली की बाहेर येऊन आकाशाला शिव्या! कोणी कंपनी नाही, कोणी शेठ नाही. आपल्या खानदानात असं काम आजवर कोणी केलं होतं का? मी तेव्हा कधी सुरतेत, कधी रायपूरमध्ये, एका जागी बूड न टेकवता फिरत होतो. तू एका खोलीत बसून जग फिरून आला.

आणि त्यानंतर चार महिन्यांत मलेरिया तुझ्या डोक्यात गेला. मी पोहोचलो तेव्हा तू बोलत नव्हता. त्याबद्दल नाही लिहीत.

तर परवा तुझं पुण्यानुमोदन होतं, तू जाऊन एक वर्ष झालं म्हणून. विहारात त्रिशरण-पंचशील झालं, लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले, खीर झाली. मी ठरवलं होतं की आज आपल्या माणसांना अल्बम ऐकवायचाच. रेकॉर्डिंगवाल्याला काय सांगायचं, ते इथंच ठरेल. खुर्च्या मांडल्या, बॉक्स लावला, पेनड्राइव्ह टाकला.

सगळे पांढऱ्या कपड्यांत मांडीवर हात ठेवून चुपचाप बसले. पहिला तुकडा संपला. दुसरा संपला. तिसऱ्याला गोमाजी आबा मागे वळले आणि मला म्हणाले, "बाबू, पेटीवाला केव्हाचा सूर लावून राहिला. गाणारा आला नाही का अजून?"

कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मायने पदर तोंडाला लावला. मी बॉक्स बंद केला. ठरलं, उद्या गोंदियाला फोन करायचा. घाल बाबा तुझी गानेवाली.

नंदूभाऊ खुर्च्या उचलता उचलता म्हणाला, "काय करून राहिला बे तू? धुमालवाल्याचं वाजवणं लोकायले खुर्चीत बसवून ऐकवते का कोणी? त्याईचे पाय बांधून ठेवले तू! दे इकडं ते पेनड्राइव्ह."

दुसऱ्या दिवशी मेश्राम वाड्यात लगन होतं. दुपारी वरात निघाली. नंदूभाऊने आधी एक नेहमीचं गाणं वाजवलं. ते संपलं आणि कोणाला काही न सांगता त्याने तुझा चौथा तुकडा सोडला. ढोलवाल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना तो ओळखीचा होता रे! तुझ्याच खाली उभे राहून वाजवला होता त्यांनी. एकाने काडी उचलली, मग सगळ्यांनी. धूळ अशी उडाली की नवरदेव दिसेना! बाया नाचल्या, नवरदेवाचा मामा नाचला. आणि कोण नाचलं असेल सांग? गोमाजी आबा! धोतराचा सोगा हातात धरून! मी ओरडलो, "आबा, गाणारा आला नाही अजून!" तर म्हणतात, "मरू दे त्याले, नाचू दे मले!"

मग नंदूभाऊने परत सिनेमाचं गाणं लावलं. तर नवरदेवाचा भाऊ गाडीवर चढला आणि म्हणाला, "हे नाही भाऊ! मंगाचंच लावा, ज्याच्यात गाणं नाही ते!"

दादा, मी तिथंच उभा होतो. वरात पुढे गेली तरी उभाच होतो. छाती अशी भरली की काय सांगू! वाटलं, प्रत्येकाला धरून सांगावं, हा माझा भाऊ वाजवून राहिला, माझा सख्खा भाऊ!

तिथूनच गोंदियाला फोन लावला. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "सोच लो भैया, फिर ना कहना." मी म्हटलं, "सोच लिया. जैसा है वैसाच बजेगा." घरी येऊन मायला सांगितलं. ती चुलीपुढून उठलीही नाही, नुसती म्हणाली, "बरं केलं. त्याच्या हातावर दुसऱ्याचं तोंड कायले?" बघ, म्हणे मला काय समजते!

तुझं एकट्याचं खरं ठरलं दादा, आणि माझं खोटं. त्या फोनवरच्या बोलण्याची माफी मागतो. उशीर झाला, पण मागतो.

आता शब्द देतो. उन्हाळ्यातली लग्नं सुरू झाली की महिनाभराची सुट्टी टाकून येतो. आमगाव, तिरोडा, सालेकसा, जिथे जिथे धुमालची गाडी आहे, तिथे स्वतः जाऊन तुझे नऊही तुकडे देऊन येतो. फुकट. अट एवढीच घालणार की वाजवण्याआधी माइकवर एकदा सांगायचं, हे मिलिंद रामटेके यांनी वाजवलं आहे, राहणार गोरेगाव. आणि सांगतात की नाही, ते पाहायला मी वरातीत उभा राहीन.

तुझाच,
बाल्या