बाबांची नोकरी

९ एप्रिल
मोठेबाबा, बाबांचे थोरले भाऊ, आज अकोल्याला परत गेले. बाबा गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं तरी थांबले होते, कारण एक गोष्ट ठरायची होती. ती त्यांनी बॅगेची चेन लावता लावता ठरवून टाकली. बाबांच्या जागेवर मनीषा लागेल. आईकडे पाहिलं, आईने मान हलवली. माझ्याकडे पाहिलं. मीही हलवली.

घरात आता आम्ही दोघीच. बाबा रेल्वेत ट्रॅकमन, बदली होऊन जयपूरला आलेले. मार्चमध्ये लाइनवर काम करताना छातीत दुखलं, बाजूला जाऊन बसले, आणि गेले. ड्यूटीत माणूस गेला की घरातल्या एकाला अनुकंपावर नोकरी मिळते, हे कॉलनीतल्या पोरासोरांनाही पाठ आहे. नोकरी घेतली तर क्वार्टर राहील. नाहीतर बोऱ्याबिस्तरा.

१० एप्रिल
काल एक लिहायचं टाळलं. मोठेबाबा "मनीषा लागेल" म्हणाले तेव्हा मला रडू यायला हवं होतं. तीन वर्षं मूर्तीच्या कारखान्यात धूळ खातेय, ती कशासाठी? आलं नाही. सुटले, असं वाटलं. का वाटलं, कळत नाही. बाबा जाऊन महिना झाला नाही आणि मी सुटतेय.

१७ एप्रिल
कारखान्यात गेले, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. घासाईच्या, दगड घासून गुळगुळीत करणाऱ्या बायांनी जवळ घेतलं, रडल्या, चहा दिला. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी खुंटीवरचा माझा मास्क काढून हातात दिला.

मूर्तीवाल्यांच्या गल्लीतली रीत अशी की बायांनी घासायचं आणि पुरुषांनी छिन्नी धरायची. मी दोन वर्षं घासलं. मग उस्तादांनी हात करायला दिले, बुद्धाचे, मांडीवरचे. मग चीवराच्या, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या. चुण्या माझ्या चांगल्या येतात, हे महेशही मानतो. महेश म्हणजे त्यांचा पुतण्या. चेहरा मात्र फक्त उस्ताद नाहीतर महेश. चेहऱ्यावर टवका उडाला की अख्खी मूर्ती खंडित, मग ती फुकट दिली तरी कोणी नेत नाही.

नोकरीचं सांगितलं. "सरकारी है?" हो म्हटलं. "तो अच्छा है," म्हणाले आणि दगड उतरवायला गेले. दुपारभर मी त्यांच्यावर धुमसत होते. काय करायला हवं होतं त्यांनी? पाया पडून थांब म्हणायचं?

२ मे
रेल्वेचे वेल्फेअरवाले साहेब घरी आले. नाव कोणाचं द्यायचं? आई आत चहा टाकत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, मुलगी बी.ए. आहे तर बरं आहे, नाहीतर विधवेलाही देतात, तिला शिक्षणाची अट नसते. सहज म्हणाले. चहा पिऊन गेले.

ते वाक्य घरात तसंच पडून आहे. कोणी उचलत नाही.

५ मे
मीच उचललं. जेवताना म्हटलं, आई, तू घे ना नोकरी.

आईने हातातली पोळी ताटात ठेवली. सातवी शिकलेली मी, म्हणाली, बावीस वर्षं या गावात राहून हिंदी धड येत नाही, गुडघे दुखतात, मले कोण काम देते? मी म्हटलं, मला मूर्तीचं काम करायचंय. तेव्हा ती म्हणाली, "काय करतं तू तिथं? हात अन् पाय. तीन वर्सांत एक चेहरा दाखवला नाई मले."

ताट सोडून उठले. राग आला कारण खरं होतं.

जानेवारीतच उस्तादांनी सांगितलं होतं, छोटा दगड घे, एक चेहरा कर, बिघडला तर बिघडला. थंडीत बोटं आखडतात म्हटलं. मग दगडात रेघ आहे, फुटेल म्हटलं. मग बाबा गेले, ते तर सगळ्यात मोठं कारण मिळालं. आता कळतंय मी कशातून सुटले होते ते. नोकरीत गेले असते तर मला चेहरा जमतो की नाही हे कधी कोणाला कळलंच नसतं. मलासुद्धा. आणि मरेपर्यंत म्हणता आलं असतं, वेळ आली म्हणून सोडलं.

स्वतःची किळस आली.

१३ मे
आई कारखान्यात आली. न सांगता. चांदपोलपर्यंत बसने, मग गल्ली विचारत विचारत. दारात उभी राहिली, नाकावर पदर. मी चुणीवर होते, हात थांबला.

तिने सरळ उस्तादांना विचारलं, तिच्या हिंदीत, की इसको क्या आता है. उस्तादांनी हातातली छिन्नी खाली ठेवली. "हाथ है," म्हणाले. "डरती है." एवढंच. तीन वर्षांत माझ्याबद्दल इतकं नीट कोणी बोललं नव्हतं, आणि मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं.

आईने तयार मूर्ती पाहिल्या. मग मागच्या भिंतीशी जाऊन खंडित पाहिल्या, त्या जास्त वेळ. एका नाक उडालेल्या मूर्तीवरून हात फिरवला. चहाला थांबली नाही. मी घरी आले तेव्हा ती भांडी घासत होती.

१४ मे
सकाळी बोलली. जसंच्या तसं लिहून ठेवते.

"नोकरी मीच करीन. तुह्यासाठी नाई, समजलं काय. तुहा आजा लाइनवर वारला तवा तुहा बाप डी.एड. ले होता. शिकनं सोडून आजाची नोकरी घेतली. मंग पंचवीस वर्स मले आयकवलं, मास्तर झालो असतो. जेवता-खाता तेच. आता तेच तुह्या तोंडून आयकाचं, ते मले नाई जमनार."

मग म्हणाली, "नाई जमलं तं नाई जमलं म्हन. पन झाली असती म्हनू नको."

बाबा डी.एड.चं सांगायचे तेव्हा आम्ही हसायचो. मी तर नक्कल करायचे, चष्मा नाकावर आणून, हवेत छडी फिरवून. बाबाही हसायचे. आज दिवसभर तो चेहरा डोळ्यांपुढे आहे. हसत होते की काय करत होते, कोण जाणे.

२९ मे
गरम वाऱ्याची लू चाललीय. नळावर गेले की बायका गप्प होतात. समोरच्या काकू मात्र तोंडावर म्हणाल्या, बेटी बैठी रहेगी, माँ बोझा ढोएगी, वाह.

मोठेबाबांचा फोन. लाज वाटते का, असं दोनदा विचारलं. वाटते. तेही सांगितलं. आईने फोन घेतला, भाऊजी, अर्ज माझ्या नावानं गेला, म्हणाली आणि तब्येत विचारली. पलीकडून फोन ठेवला असावा.

त्यानंतर मी म्हटलं, आई, राहू दे, मी घेते नोकरी. ती भाजी निवडत राहिली. परत म्हटलं. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. आणि मला कळलं की मी तिच्यासाठी म्हणतच नाहीये. मला अजून पळायचंय.

२० जून
पहिला दगड. तळहातापेक्षा थोडा मोठा. आजवर चालढकल केली, आज उस्तादांनी चुणीचं काम काढूनच घेतलं. नाक आलं. ओठ आले, जरा जाड, पण आले. मग पापणी.

बुद्धाचे डोळे अर्धे मिटलेले. वरच्या पापणीची कड बोटाला लागेल न लागेल अशी उठवायची. छिन्नी लावली. हात थरथरतोय हे दिसत होतं, तरी मारली. टवका गेला.

उस्तादांनी दगड उचलला, उजेडात धरला, मागच्या भिंतीशी नेऊन ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "दूसरा ले," म्हणाले.

आईला सांगितलं नाही.

१८ जुलै
आईचं स्क्रीनिंग, म्हणजे नोकरीची मुलाखत. तिची ती एक बरी साडी. मी कागद धरून शेजारी. आदल्या दिवशी मी तिच्याकडून हिंदीत उत्तरं पाठ करून घेतली होती, तिथे ती एकही बोलली नाही. जे आलं ते बोलली.

तीन साहेब. मधल्याने कागद पाहिले, मग मला पाहिलं. लड़की पढ़ी-लिखी है, जवान है, यह क्यों नहीं करती?

मला वाटलं, आता ती म्हणेल लग्न व्हायचंय, नाहीतर तब्येत. कॉलनीत हेच सांगतात.

"उसका अपना काम है," आई म्हणाली.

साहेबाने लिहून घेतलं. काय लिहिलं कोण जाणे. मी खाली पाहत होते. माझं काम. भिंतीशी पडलेला एक फुटका दगड.

येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि डोळे मिटून घेतले. मला तिचा हात धरायचा होता. नाही धरला.

१९ ऑगस्ट
दुसरा दगड. फुटला नाही. तेच वाईट. सगळं जागच्या जागी आणि आत कोणी नाही. महेश बघून म्हणाला, ये तो खिड़की से बोल रहा है कि गाड़ी लेट है. बाया हसल्या. मीही हसले, कारण खरंच तसाच दिसतोय, तिकीटबाबू.

घरी येऊन खूप रडले. हसण्यामुळे नाही. उस्ताद हसले नाहीत म्हणून. त्यांनी फक्त मान हलवली. त्यांना माहीत होतं की याच्यापुढचं शिकवता येत नाही.

मी पंचवीसची होतेय. माझ्या वर्गातल्या दोघी बँकेत लागल्या.

२२ सप्टें.
आईचं मेडिकल झालं, चष्म्यासहित पास. ऑर्डर कधी येईल माहीत नाही. गुडघ्यांचं कोणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंसमोर उठाबशा काढल्या म्हणे. सांगताना हसत होती. बाबा गेल्यानंतर हसताना पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही या गोष्टीवर.

११ ऑक्टो.
ऑर्डर आली. फुलेरा, गाडीने तासाभरावरचं जंक्शन. शेडमध्ये हेल्पर. सामान उचलणं, पुसणं, पाणी भरणं, सांगतील ते. पहाटेच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. जयपूरलाच देतील असं मी धरून चालले होते. तिने तसं काही धरलेलं नव्हतं. क्वार्टर तूर्त राहील म्हणाले. तूर्त म्हणजे किती, कोणी सांगत नाही.

माझ्यामुळे. तिने कितीही "तुह्यासाठी नाई" म्हटलं तरी माझ्यामुळे. हे ओझं उतरणार नाही, आणि उतरू नये असंही वाटतं.

२० ऑक्टो.
तिसरा चालू आहे. आज हात थरथरला तेव्हा थांबले नाही. थरथरतच मारली.

मला वाटायचं, आधी खात्री येते, मग माणूस काम करतो. तीन वर्षं खात्रीची वाट पाहत बसले, न येणाऱ्या बसची पाहावी तशी. आज दुपारी छिन्नी धरून बसले होते, तर एकदम साफ दिसलं की मला हे हवंय. जमेल का, ते नाही दिसलं. आजवर दोन्ही एकच समजत होते. जमेल असं वाटलं की हवं म्हणायचं, नाहीतर मला काय त्याचं म्हणून हात झटकायचे. हवंय. एवढंच नक्की आहे. याने पोट भरत नाही, पण आजपर्यंत एवढंही नव्हतं.

संध्याकाळी उस्तादांनी डावा डोळा पाहिला. बराच वेळ. उजवा कर, म्हणाले. बस.

२८ ऑक्टो.
उजवा बिघडला. डावा जिवंत, उजवा तिकीटबाबू. उस्तादांनी विचारलं, फोडू का? नको म्हटलं. मीच नेऊन भिंतीशी ठेवला.

६ नोव्हें.
आईचा पहिला दिवस. पहाटे स्टेशनवर सोडलं. डब्यात चढताना गुडघा वर येईना, मागच्या बाईने कमरेला हात देऊन वर घेतलं. खिडकीत आली पण हात केला नाही. जेवणाचा डबा घट्ट धरून बसली होती.

मी तिथून थेट कारखान्यात. चौथा दगड. नाकापर्यंत बरं चाललं होतं. ओठाशी बिघडलं, जेवायच्या सुट्टीआधीच.

ती अंधार पडल्यावर आली. चपला काढून भिंतीला टेकून बसली. बोटांना ग्रीस, साबणाने गेलं नाही, रॉकेल लावून दिलं. तिने हळूहळू सांगितलं. सुपरवायझर भरभर बोलतो, समजत नाही. दोनदा भलतीच वस्तू नेऊन दिली. तिसऱ्यांदा काय आणायचं ते विचारलं तर सगळे हसले. दुपारी नळामागे जाऊन रडली. मग तोंड धुऊन परत गेली.

मी तिची बोटं पुसत होते. तिने विचारलं, "तुहं जमलं काय आज?"

आजवर तीन दगडांबद्दल तिला खोटंच सांगितलं होतं, चाललंय म्हणून. आज नाही सांगवलं.

"नाही," म्हटलं.

"मलेही नाई."

मग तिने हात सोडवून घेतला आणि विचारलं, उद्या दोन डबे लागतीन ना, तुहा अन् माहा?

लागतील, म्हटलं.