माहेरची वाटी

सनद, बहारीन
१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

चि. मालूस,
दाजीचे आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा दुखतो, एसीमुळे असेल. डॉक्टरकडे जायचं तर अश्विनीची लीव्ह मोडते, म्हणून तिला सांगितलेलं नाही.

इथल्या मराठी मंडळींनी नाटक केलं, जुन्या सुलतानी काळातलं. किल्लेदाराची मुलगी आणि शेजारचा सरदार खोटं लग्न लावतात. दोन्ही घराणी एक झाली असं समजून सुलतान वेढा उठवतो. मुलगी झाली आपली अश्विनी. सरदार कोण? परीक्षित. हो, आपल्या गावच्या टेम्पोवाल्याचा मुलगा, तोच. हमद टाउनला राहतो. मला येऊन दोन महिने झाले, कोणी बोललं नाही.

अंतरपाट धरायला माणूस कमी म्हणून मला उभं केलं. मी विचारलं, "खोट्या लग्नाला भटजी खरे कशाला?" नाटक बसवणारी लीना हसली. "काका, तुम्ही फक्त कापड धरा. यल्ला, चला!" मंगलाष्टकं सगळी म्हटली गं. नाटकाला एक पुरलं असतं.

प्रयोग शुक्रवारी संपला. मंगळसूत्र अजून तिच्या गळ्यात आहे, ओढणीखाली. विचारलं, तर म्हणते, "परत द्यायचं राहिलंय, बाबा." सहा दिवस? काल ती बेसिनवर वाकली तेव्हा मी नीट पाहिलं. वाटी एकच, सोन्याची. शेजारी दुसरीपुरती जागा मोकळी सोडून मणी ओवलेत. नाटकाचं असतं तर इथल्या बाजारातून, सूकमधून, दोन पितळी वाट्यांचं आणलं असतं.

नाटकातला सुलतान मीच होतो, मालू.

अकरा वर्षांपूर्वी तू विचारलं होतंस, परीक्षित मागणी घालायला आला होता का. मी नाही म्हटलं. आला होता. मी त्याला अंगणातूनच परतवून लावला. अश्विनीने दुसरीकडे होकार दिलाय म्हणून सांगितलं. दिला नव्हता. तिला म्हटलं, तो फिरकलाच नाही. मग मी जे स्थळ पाहिलं, तिथून ती तीन वर्षांत कशी परत आली, ते तू पाहिलंस.

दोघांनी हे एकमेकांना सांगितलं असणारच. तरी अंतरपाट माझ्याच हातात दिला.

सासरची वाटी त्याने घातली. माहेरची मात्र माझ्याकडे कोणी मागितली नाही.

तुझ्याकडे ठेवायला दिलेली आपल्या आईची वाटी काढून ठेव. आमचा शेजारी इलियास सुट्टीवर रत्नागिरीत आहे, तो येऊन नेईल. फोनवर अश्विनीपाशी काही बोलू नकोस. मला ती माझ्या हाताने द्यायची आहे. घेईल की नाही, कोण जाणे.

तुझ्याशीही खोटं बोललेला,
तुझा भाऊ दाजी