कवडशाच्या तोंडची ओळ

४ मार्च, मंगळवार

मेले! मेले मी!

आमच्या चित्रकथेचा अंक छापून आला आणि सोळाव्या पानावर माझी ओळ आहे. लेखकमहाशयांची नाही — माझी!

नीट लिहून काढते. चित्रकार चित्रं काढतो, लेखकमहाशय संवाद लिहितात, आणि ते पात्रांच्या तोंडच्या फुग्यांत बसवायचे हे माझं काम. स्टुडिओत मला सगळे अक्षरवालीच म्हणतात. महाशयांचे शब्द कधी वेळेवर आलेत? मग फुगा केवढा लागेल ते बघायला मी मनाला येईल ते भरून ठेवते. तेही ठळक अक्षरांत, म्हणजे नंतर बदलायचं विसरायला नको. या अंकात नगराध्यक्ष खालच्या वस्तीचं पाणी तोडतो आणि आपला नायक, कवडसा, त्याच्यासमोर उभा ठाकतो. खरी ओळ होती, "महोदय, आपण शांतपणे चर्चा करू." ती आली, मी बसवली. आणि छपाईला फाइल पाठवली जुनी!

त्यामुळे एरवी परग्रहावरचे राक्षस लोळवणारा कवडसा बोट रोखून म्हणतो — "खुर्ची तुझी. पाणी काय तुझ्या बापाचं?"

५ मार्च

संपादकबाईंनी बोलावलं. म्हटलं, मिळाला नारळ! तर फोनमधून मान वरही न करता म्हणाल्या, "अंक संपलेत. पुन्हा छापतोय. तू तोंड उघडू नकोस."

जिन्यात नाचले.

७ मार्च

वाचकांचा नुसता भडिमार! एक जण चिडून लिहितो, "आमच्या कवडशात राजकारण कशाला घुसवता? आम्हाला मारामारी हवी." त्याच्या खाली लगेच दुसरा — "पहिल्या अंकात तो तुरुंग फोडून बंडवाल्यांना सोडवतो, तेव्हा डुलकी लागली होती का?" झालं, जुंपली दोघांची. एका बापाची तक्रार आहे की पोराने हीच ओळ हेडमास्तरांना ऐकवली, आता तुम्हीच येऊन मिटवा. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते.

आणि एका विद्वानाने तर ठळक अक्षरांवर अख्खा लेख लिहिलाय. "हे जाडपण म्हणजे दडपलेल्या जनतेचा हुंकार." अहो, कसला हुंकार! ते जाडपण म्हणजे माझा विसरभोळेपणा!

आईला ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "हे कवडसा कुठे बोलतोय? नळ गेला की तू बोलतेस हे. रोज."

९ मार्च

लेखकमहाशय स्टुडिओत उगवले. "कुणाची ही ओळ?" मी म्हटलं, माझी. त्यांनी दाढी कुरवाळली. मग — "बरी आहे."

बरी!

आणि संध्याकाळी मुलाखतीत कुणीतरी विचारलं, ही ओळ सुचली कशी? तर हा गृहस्थ डोळे मिटून म्हणतो, "अशा ओळी आतून येतात." आतून! माझ्या आतून, मेल्या! मुंगी वारूळ बांधते आणि नाग येऊन राहतो, म्हणतात ते खोटं नाही. रागाने जेवण गेलं नाही.

११ मार्च

आज जे पाहिलं ते लिहिताना पुन्हा अंगावर काटा येतोय. आमच्याही गावात खालच्या भागाचे नळ कधीचे कोरडे आहेत. तिथली माणसं रिकाम्या बादल्या घेऊन थेट खऱ्या नगराध्यक्षांच्या कचेरीवर गेली. कुणी कवडशाचा कागदी मुखवटा लावलेला, कुणी बादली बडवतंय, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच — पाणी काय तुझ्या बापाचं?

मी काम टाकून गर्दीत घुसले. घसा फुटेस्तोवर ओरडले. शेजारची बाई मला कोपराने ढोसून म्हणते, "अगं, अशी मिळमिळीत काय? 'बापाचं'वर जोर दे!"

मला शिकवते! जोर दिला. इतकी खूश मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

१३ मार्च

ठरलं. रविवारी वाचकांचा मेळावा आहे. सभागृह भरलेलं असणार, महाशय हार घालून बसलेले असणार. मी सरळ माइक घेणार आणि सांगणार, ओळ माझी आहे. संपादकबाईंच्या कानावर घातलं. "नोकरी जाईल," म्हणाल्या. जाऊ दे!

आईने विचारलं, "नाव व्हावं म्हणून चाललीस, की राग आलाय म्हणून?"

दोन्ही! खोटं कशाला बोलू?

१५ मार्च

आरशासमोर भाषण पाठ केलं. महाशयांचा पडलेला चेहरा डोळ्यांसमोर आणून आणून गुदगुल्या होतायत.

१६ मार्च, रविवार

मेळावा झालाच नाही. सकाळी पोलीस लेखकमहाशयांना घरून घेऊन गेले — नगराध्यक्षांचा अपमान, लोकांना चिथावणी. त्यांना मेळाव्याला न्यायला गेलेल्या संपादकबाई तिथेच होत्या. पोलिसांनी विचारलं, ओळ कुणाची? महाशय म्हणाले, माझी. फुगे भरणारी कोण, तेही विचारलं. तर म्हणाले, "तिला काय कळतंय? दिलेलं उतरवते बिचारी."

आई चपला घालून दारात उभी आहे. चौकीवर दोघी जातोय.